पोखरणच्या अलीकडचे राजा रामण्णा

अणुशास्त्रज्ञ राजा रामण्णा यांचे नाव निघाले की बहुतेकांना १८ मे १९७४ हा, पोखरणच्या अणुस्फोटाचा, एकच दिवस आठवतो. पदवीच्या वर्गाला अणुकेंद्रकीय भौतिकी शिकवत असताना मला हे दरवर्षी जाणवत असे. ‘पोखरणचे रामण्णा’ मुलांना माहीत असायचे, पण पाठ्यपुस्तकातील विखंडनाच्या प्रकरणाशी या माणसाचा काही संबंध आहे, हे कोणाच्या गावीही नसायचे. वास्तविक पोखरणच्या आधीची पंचवीस वर्षे त्यांनी न्यूट्रॉन मोजण्यात, युरेनियमचा अणुगर्भ कसा फुटतो हे तपासण्यात आणि हे काम करू शकतील अशी माणसे तयार करण्यात घालवली होती. माझ्या मते त्यांची खरी कामगिरी या वर्षांत आहे. पोखरणचा स्फोट हा त्या कामाचा एक परिणाम होता आणि तो सर्वांत महत्त्वाचा परिणाम होता असेही मला वाटत नाही.

त्यांचा जन्म २८ जानेवारी १९२५ रोजी तेव्हाच्या म्हैसूर संस्थानातील तिपटूर या गावी झाला. वडील न्यायखात्यात नोकरीला होते. घरात शिक्षणाला मान होता आणि राजाला लहानपणापासून पाश्चात्त्य संगीताचे, विशेषतः पियानोचे, शिक्षण मिळाले. बंगळूरच्या बिशप कॉटन शाळेनंतर मद्रास ख्रिश्चन कॉलेजातून १९४५ साली ते भौतिकशास्त्राचे पदवीधर झाले. चरित्रलेखनात अशा तपशिलांवर फार रेंगाळण्याची गरज नसते. मात्र पियानोचा उल्लेख टाळता येत नाही, कारण होमी भाभांची आणि त्यांची गाठ भौतिकशास्त्रामुळे नव्हे, तर संगीतामुळे पडली.

ही हकिकत १९४४ सालची. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेज ऑफ म्युझिकचे परीक्षक डॉ. आल्फ्रेड मिस्तोव्स्की युद्धामुळे भारतात अडकून पडले होते. भाभाही १९३९ पासून युद्धामुळेच बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत थांबलेले होते. पाश्चात्त्य संगीताचे दोघेही मोठे जाणकार आणि रामण्णा मिस्तोव्स्कींच्या परिचयाचे. त्यांच्यामार्फत एकोणीस वर्षांचा हा विद्यार्थी भाभांपर्यंत पोहोचला. भाभांच्या मनात तेव्हा मुंबईतील नव्या संशोधन संस्थेची आखणी चालू होती आणि ते माणसे हेरत होते. माणूस हेरताना ते त्याच्या गुणपत्रिकेइतकेच, किंबहुना थोडे अधिकच, त्याच्या एकूण संस्काराकडे पाहत असत. या निवडपद्धतीत एका विशिष्ट वर्गातील मुलांना झुकते माप मिळे, हेही मान्य करायला हवे. तिपटूरच्याच एखाद्या तितक्याच हुशार, पण पियानो कधी न पाहिलेल्या मुलाला भाभांपर्यंत पोहोचण्याची अशी वाट उपलब्ध नव्हती.

टाटांच्या शिष्यवृत्तीवर रामण्णा लंडनच्या किंग्ज कॉलेजात गेले आणि १९४८ साली अणुकेंद्रकीय भौतिकीत डॉक्टरेट घेऊन बाहेर पडले. हिरोशिमा-नागासाकीनंतरची ती वर्षे होती. १९४६ साली किंग्ज कॉलेजातीलच ॲलन नन मे या भौतिकशास्त्रज्ञाला अणुबॉम्बविषयीची माहिती सोव्हिएत संघाला पुरवल्याबद्दल अटक झाली आणि तुरुंगवासाची शिक्षाही झाली. हा विषय यापुढे केवळ प्रयोगशाळेचा राहणार नाही, याचा याहून ढळढळीत पुरावा एखाद्या तरुण संशोधकाला मिळणे अवघड होते. लंडनमध्ये मैफली ऐकण्याची हौस त्यांनी भरपूर भागवली आणि पियानोवादनातील परीक्षाही दिली. डिसेंबर १९४९ मध्ये ते मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. गेटवे ऑफ इंडियाजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत संस्था त्याच वर्षी हलली होती.

आज कुलाब्याला समुद्राकाठी उभी असलेली संस्थेची देखणी इमारत डोळ्यांपुढे आणून त्या काळाची कल्पना करू नये, कारण त्या इमारतीचे उद्घाटन १९६२ सालचे आहे. अणुकेंद्रकीय प्रयोगांसाठीचा कॅस्केड जनरेटर कुलाब्याच्या लष्करी बराकींमध्ये मांडलेला होता. सुमारे दहा लाख व्होल्टचा हा त्वरक, म्हणजे कणांना वेग देणारे यंत्र, युरोप-अमेरिकेतील यंत्रांच्या मानाने किरकोळच म्हणायचा, पण त्याच्यापासून न्यूट्रॉन मिळत होते आणि रामण्णांना तेवढे पुरेसे होते. त्या यंत्रावर त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग मला विशेष आवडतो, म्हणून तो जरा तपशिलात सांगतो.

अणुभट्टी बांधायची तर वेगवान न्यूट्रॉनांचा वेग कमी करणारा एखादा पदार्थ, म्हणजे मंदक, लागतो. तो साधे पाणी असेल, जड पाणी असेल किंवा बेरिलियम ऑक्साइड असेल. त्या पदार्थात न्यूट्रॉन किती दूर भरकटतो, किती वेळ टिकतो आणि कितपत शोषला जातो, हे आकडे नेमके माहीत नसतील, तर भट्टीचा आराखडा करताच येत नाही. १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात यातील पुष्कळ आकडे अमेरिका आणि ब्रिटन यांनी गुप्त ठेवलेले होते. रामण्णांच्या गटाने त्वरकाचा झोत अखंड न सोडता क्षणभर चालू, क्षणभर बंद असा तुकड्यातुकड्यांनी सोडला. न्यूट्रॉनांचा एक लोंढा भांड्यातील पाण्यात शिरला की झोत बंद करायचा आणि आत उरलेल्या न्यूट्रॉनांची संख्या कशी घटत जाते ते गणित्रावर मोजत राहायचे. भांडे लहान असेल तर न्यूट्रॉन कडेने लवकर निसटतात आणि घट वेगाने होते, भांडे मोठे असेल तर सावकाश होते. निरनिराळ्या आकारांची भांडी घेऊन हाच प्रयोग पुन्हा पुन्हा करायचा, घटीचा वेग आणि भांड्याचा आकार यांचा आलेख काढायचा आणि भांडे अमर्याद मोठे असते तर काय झाले असते, हे त्या आलेखावरून वाचायचे. कडेची गळती अशी बाजूला काढली की शिल्लक राहते ते निव्वळ शोषण, आणि आलेखाच्या चढावरून मिळतो तो विसरणाचा गुणांक, म्हणजे न्यूट्रॉन त्या पदार्थात किती सहज पसरतात याचे माप. बेताच्या साधनांत, कोणाच्या गुप्त कागदपत्रांची वाट न पाहता, हवे ते आकडे आपल्या हाताने मिळवण्याची ही रीत आहे. साध्या पाण्यासाठी आणि बेरिलियम ऑक्साइडसाठी त्यांनी असे आकडे काढले आणि ते शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्धही केले.

या तयारीचा उपयोग लगेच झाला. तुर्भ्याच्या अणुशक्ती केंद्रात, म्हणजे १९६७ पासून भाभा अणुसंशोधन केंद्र या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत, ४ ऑगस्ट १९५६ रोजी दुपारी पावणेचारला ‘अप्सरा’ ही अणुभट्टी सुरू झाली. सोव्हिएत संघ वगळला तर आशियातील ती पहिली अणुभट्टी होती. समृद्ध युरेनियमचे इंधन ब्रिटनकडून आले होते, पण आराखडा, बांधकाम आणि नियंत्रणाची इलेक्ट्रॉनिक सामग्री येथील माणसांची होती. खोल पाण्याच्या टाकीत इंधन टांगलेले आणि भट्टी चालू झाली की पाण्यात निळा उजेड दिसायचा. अप्सरा हे नाव नेहरूंनी दिले. भट्टीच्या उभारणीत रामण्णांचा वाटा मोठा होता, परंतु त्यांना भट्टीपेक्षा भट्टीतून बाहेर येणाऱ्या न्यूट्रॉनांचे अधिक आकर्षण होते. मंद न्यूट्रॉनांचा विपुल झोत आता घरच्या घरी उपलब्ध झाला होता आणि विखंडनाचा अभ्यास सुरू करता येत होता.

विखंडनाचे स्थूल चित्र १९३९ पासून सर्वांना ठाऊक होते. युरेनियम-२३५ च्या अणुगर्भाने मंद न्यूट्रॉन गिळला की तो लांबट होतो, मध्ये मान तयार होते, मान तुटते आणि दोन तुकडे प्रचंड वेगाने विरुद्ध दिशांना फेकले जातात. अडचण पुढे होती. अणुगर्भ म्हणजे द्रवाचा थेंब असे मानून गणित मांडले तर दोन तुकडे सारखे निघायला हवेत, पण प्रत्यक्षात एक तुकडा सुमारे १४० वस्तुमानांकाचा आणि दुसरा सुमारे ९५ चा, अशी विषम वाटणी बहुसंख्य वेळा होते. असे का व्हावे? त्यावर रामण्णा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात मांडलेली उपपत्ती संभाव्यतेवर आधारलेली होती. मान तुटण्यापूर्वीच्या अल्पशा काळात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मानेतून या तुकड्यातून त्या तुकड्यात यदृच्छेने ये-जा करतात आणि अंतिम वाटणी या देवाणघेवाणीतून ठरते, असा तिचा गाभा. विषम वाटणीचे आज मान्य असलेले स्पष्टीकरण अणुगर्भातील कवचांच्या, म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉनांच्या ऊर्जापातळ्यांच्या, रचनेवर अधिक भर देते आणि रामण्णांचे प्रतिमान जसेच्या तसे टिकले आहे असे म्हणता येणार नाही. तरीही विखंडनाच्या मधल्या अवस्थेतील देवाणघेवाणीकडे लक्ष वेधणारे ते काम त्या विषयाच्या वाङ्मयात स्वतःची जागा राखून आहे.

दुसरा प्रश्न विखंडनात बाहेर पडणाऱ्या न्यूट्रॉनांचा. युरेनियम-२३५ च्या प्रत्येक विखंडनात सरासरी २.४ न्यूट्रॉन सुटतात आणि साखळी प्रक्रिया त्यांच्यावरच चालते. हे सगळे न्यूट्रॉन वेगाने पळणाऱ्या तुकड्यांतून नंतर सुटतात, की त्यांतील काही मान तुटण्याच्या क्षणीच बाहेर पडतात? याचे उत्तर न्यूट्रॉन कोणत्या दिशेला आणि किती ऊर्जेने निघतात यात दडलेले असते, कारण धावत्या तुकड्यातून सुटलेल्या न्यूट्रॉनला तुकड्याच्या गतीची जोड मिळते. एस. एस. कपूर आणि पी. एन. रामा राव यांच्यासमवेत रामण्णांनी या मोजमापांवर केलेले काम १९६३ साली अमेरिकेतील भौतिकशास्त्राच्या अग्रगण्य नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी त्यांना भटनागर पुरस्कार मिळाला. पोखरणला अद्याप अकरा वर्षे अवकाश होता.

या काळातील त्यांचे आणखी एक काम तुर्भ्याच्या प्रशिक्षणशाळेचे. ऑगस्ट १९५७ मध्ये सुरू झालेल्या या शाळेची जबाबदारी भाभांनी रामण्णांकडे दिली होती. देशभरातून विज्ञानाचे आणि अभियांत्रिकीचे ताजे पदवीधर निवडायचे, त्यांना वर्षभर विद्यावेतन देऊन भौतिकी, रसायन, धातुशास्त्र, भट्टीची अभियांत्रिकी असे सगळेच थोडे थोडे शिकवायचे आणि वर्षअखेरीस थेट नोकरीत घ्यायचे, अशी ती योजना. विद्यापीठात रसायन शिकलेल्या मुलाला न्यूट्रॉन कळावा आणि यंत्र अभियंत्याला किरणोत्सर्ग कळावा, हा त्यामागचा विचार. मुंबईच्या व्हीजेटीआयमधून बाहेर पडून १९६० च्या दशकाच्या आरंभी या शाळेत आलेले अनिल काकोडकर पुढे अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले, हे मराठी वाचकांना ठाऊक आहेच. आपल्याकडे संस्था उभारणे म्हणजे इमारत उभारणे अशी समजूत प्रचलित असताना, आधी माणसे आणि मग बाकीचे, हा क्रम भाभा आणि रामण्णा यांनी कटाक्षाने पाळला. त्याची दुसरी बाजूही आहे. सगळे हुशार विद्यार्थी तुर्भ्याने उचलल्यामुळे विद्यापीठांतील भौतिकशास्त्राचे विभाग दुबळे झाले, ही तक्रार जुनी आहे आणि विद्यापीठीय शिक्षक म्हणून मला ती खोटी वाटत नाही.

२४ जानेवारी १९६६ रोजी भाभांचा मों ब्लां पर्वतावरील विमान अपघातात मृत्यू झाला. त्यानंतरची सत्तांतरे आणि अंतर्गत मतभेद हा स्वतंत्र विषय आहे, तो येथे नको. १९७२ साली रामण्णा भाभा अणुसंशोधन केंद्राचे संचालक झाले. त्याच वर्षी १८ मे रोजी ‘पूर्णिमा’ ही प्लुटोनियमवर चालणारी छोटी वेगवान-न्यूट्रॉन भट्टी सुरू झाली. वेगवान न्यूट्रॉनांच्या साखळीत प्लुटोनियम कसे वागते, याची प्रत्यक्ष अनुभवाची माहिती या भट्टीने पी. के. अय्यंगार आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिली.

पोखरणच्या तयारीत सुमारे पाऊणशे शास्त्रज्ञ आणि अभियंते होते. सुमारे सहा किलो प्लुटोनियम ‘सायरस’ या कॅनडाच्या मदतीने बांधलेल्या भट्टीतून मिळाले होते. प्लुटोनियमच्या गोलाभोवती रासायनिक स्फोटकांची भिंगे रचून तो सर्व बाजूंनी एकाच क्षणी आत दाबायचा, ही अंतःस्फोटाची रीत. भिंगे चंडीगढच्या संरक्षण प्रयोगशाळेत एन. एस. वेंकटेशन यांच्या गटाने घडवली, प्रचंड दाबाखाली प्लुटोनियम कसे वागेल याचे गणित आर. चिदंबरम यांनी केले आणि अगदी नेमक्या क्षणी पहिले न्यूट्रॉन पुरवणारा पोलोनियम-बेरिलियमचा छोटा घटक व्ही. के. अय्या यांच्या गटाने केला. हे सारे एकत्र बांधणे हे रामण्णांचे काम होते. साधन १०७ मीटर खोल विहिरीत उतरवले गेले. ठरलेल्या सकाळी स्फोटस्थळाची अखेरची तपासणी करून परतणाऱ्या अभियंत्याची जीप सुरूच होईना, म्हणून आठची वेळ पाच मिनिटांनी पुढे गेली. आठ वाजून पाच मिनिटांनी प्रणव दस्तीदार यांनी कळ दाबली. अधिकृत आकडा १२ किलोटनांचा सांगितला गेला, परदेशी भूकंपशास्त्रज्ञांचे बहुतेक अंदाज त्याहून बरेच कमी होते.

सरकारने याला शांततामय अणुस्फोट म्हटले आणि रामण्णाही दोन दशके तसेच म्हणत राहिले. ऑक्टोबर १९९७ मध्ये मात्र त्यांनी, तो बॉम्बच होता आणि ती चाचणी काही तितकीशी शांततामय नव्हती, असे वृत्तसंस्थेला उघडपणे सांगून टाकले. बंदूक माणसावर झाडा किंवा जमिनीवर झाडा, ती बंदूकच असते, असा त्यांचा युक्तिवाद होता. तेवीस वर्षांनी आलेल्या या कबुलीचे कौतुक करावे की तेवीस वर्षांच्या मौनाबद्दल त्यांना जाब विचारावा? मी दुसऱ्या बाजूकडे झुकतो. कॅनडाने सायरस शांततामय उपयोगाच्या अटीवर दिली होती आणि ती अट मोडली गेली, हे भौतिकशास्त्रज्ञ म्हणून रामण्णांना इतर कोणाहीपेक्षा अधिक स्पष्टपणे ठाऊक होते. देशाच्या सुरक्षिततेचा विचार त्यापेक्षा मोठा होता, असे म्हणणारे अनेक जण आहेत आणि त्यांचा मुद्दा वजनदार आहे, पण त्यामुळे पहिला मुद्दा नाहीसा होत नाही.

किंमत अणुऊर्जा कार्यक्रमाला मोजावी लागली. कॅनडाने सहकार्य तोडले आणि राजस्थानातील दुसरी वीजभट्टी आपल्या अभियंत्यांना स्वतःच्या बळावर पुरी करावी लागली. अणुसामग्री पुरवणाऱ्या देशांचा गट पोखरणची प्रतिक्रिया म्हणूनच उभा राहिला. तारापूरच्या अणुवीज केंद्रासाठी अमेरिकेकडून येणारे समृद्ध युरेनियमही १९७८ च्या अमेरिकी कायद्यानंतर अडले आणि अखेर फ्रान्सकडून घेण्याची व्यवस्था करावी लागली. १९८३ ते १९८७ या काळात अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष असताना रामण्णांचा बराचसा वेळ याच कोंडीत गेला. तुर्भ्याची १०० मेगावॅटची ‘ध्रुव’ भट्टी ऑगस्ट १९८५ मध्ये सुरू झाली खरी, पण इंधनाच्या कांड्या कंप पावू लागल्या आणि पूर्ण क्षमता गाठायला १९८८ साल उजाडले. परदेशी मदतीविना बांधलेल्या यंत्रात अशी दुखणी निघणारच, आणि ती येथेच बरी झाली.

मधल्या काळात ते संरक्षणमंत्र्यांचे वैज्ञानिक सल्लागार झाले, १९९० मध्ये विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या मंत्रिमंडळात संरक्षण राज्यमंत्री झाले, १९९७ ते २००३ राज्यसभेचे नामनियुक्त सदस्य राहिले. ही पदे मी एका वाक्यात आटोपतो, कारण त्यांतील एकही पद त्यांच्याशिवाय अडले असते असे वाटत नाही. बंगळूरची राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्था मात्र वेगळी आहे. जे. आर. डी. टाटा यांच्या कल्पनेतून १९८८ साली निघालेल्या या संस्थेचे ते पहिले संचालक. प्रशासक, शास्त्रज्ञ, समाजशास्त्रज्ञ आणि कलावंत यांनी एकत्र बसून विचार करावा, ही कल्पना ऐकायला सोपी आणि चालवायला महाकठीण असते. राग आणि पाश्चात्त्य स्वररचना यांच्या तुलनेवर त्यांनी पुस्तक लिहिले तेही याच वर्षांत, आणि पियानोचे जाहीर कार्यक्रमही ते करत राहिले.

त्वरकांविषयीची त्यांची ओढ बराकीतल्या जनरेटरपासूनची होती. कोलकात्याचा सायक्लोट्रॉन १९७७ साली चालू झाला, त्यामागे त्यांचा मोठा पाठपुरावा होता. इंदूरचे प्रगत तंत्रज्ञान केंद्र १९८४ मध्ये त्यांच्याच अध्यक्षपदाच्या काळात सुरू झाले. लेझर आणि सिंक्रोट्रॉन यांवर काम करणाऱ्या त्या केंद्राला, २४ सप्टेंबर २००४ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाल्यानंतर, २००५ मध्ये त्यांचे नाव दिले गेले.

विखंडनाचा त्यांचा गटही थांबला नाही. डिसेंबर १९८८ मध्ये कुलाब्याच्या टाटा संस्थेच्या आवारात पेलेट्रॉन हा त्वरक सुरू झाला आणि जड आयनांचा मारा करून घडवलेल्या विखंडनाचा अभ्यास तेथे होऊ लागला. त्याआधीच, १९८५ साली, एस. एस. कपूर आणि व्ही. एस. राममूर्ती यांनी अशा विखंडनातील तुकडे अपेक्षेपेक्षा वेगळ्या दिशांना का झुकतात याचे एक स्पष्टीकरण मांडले होते. अणुगर्भ पुरता स्थिरावण्यापूर्वीच फुटू शकतो, असे त्याचे सार, आणि ते जगभर तपासले गेले. कपूर पुढे भाभा अणुसंशोधन केंद्रात भौतिकी विभागसमूहाचे प्रमुख झाले. राममूर्ती केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचे सचिव झाले आणि त्यानंतर काही वर्षे बंगळूरच्या त्याच राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्थेचे संचालकपद त्यांनी सांभाळले.